कायद्याची भाषा आणि बेटावरची प्रजा

‘कायदा ठाऊक नव्हता’ ही सबब कोणत्याही न्यायासनापुढे चालत नाही. हे तत्त्व फार जुने आहे आणि व्यवहाराला आवश्यकही आहे. कारण ती सबब एकदा मान्य केली की प्रत्येक अपराधी अज्ञानाचा आश्रय घेईल. परंतु या तत्त्वाच्या पोटात राज्यकर्त्यावर एक ऋण येते, त्याचा उच्चार मात्र क्वचितच होतो. प्रजेने कायदा पाळावा असे ज्याला वाटते, त्याने तो प्रजेच्या कानी जाईल अशी तजवीज केली पाहिजे. कायदा कोठे ठेवला आहे, तो कोणत्या भाषेत आहे, आणि न्यायाधीशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तेथे काय चालले आहे हे समजते की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे पाहिली म्हणजे एखाद्या राज्यातील न्यायाची पारख होते.

आपल्याकडे ही जाणीव नवी नाही. वर्षप्रतिपदेस देवळात पंचांगश्रवण होते. अक्षरओळख नसलेल्या कुळवाड्यालाही संवत्सराचे फल, पर्जन्याचे मान आणि सणवार कळावेत म्हणून ते मोठ्याने वाचावयाचे असते. सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा शिळांवर कोरविल्या त्या लोकांच्या प्राकृत बोलीत. त्यांचे तुकडे आपल्या कोकणपट्टीतील सोपारा येथेही सापडले आहेत. कंदाहारकडे त्याच आज्ञा ग्रीक व अरमाइक भाषांत लिहिल्या गेल्या. कलिंगातील धौलीच्या स्वतंत्र लेखात तर तो लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकविला जावा असे स्पष्ट सांगितले आहे. उत्तरेकडील आइसलँड बेटावर इसवी सन ९३० च्या सुमारास ‘आल्थिंग’ नावाची लोकसभा भरू लागली, तेव्हा कायदा लिहिलेला नव्हता. निवडलेला कायदेवक्ता दरवर्षी एक तृतीयांश कायदा खडकावर उभा राहून तोंडपाठ म्हणून दाखवी. तीन वर्षांत सारा कायदा जमलेल्या लोकांच्या कानांवरून जाई. इसवी सन १११७-१८ च्या हिवाळ्यात तो लिहून काढण्यास प्रारंभ झाला.

आइसलँडमध्ये कायदा सांगणारा आणि ऐकणारा एकाच भाषेचे होते. जेथे हे दोघे निरनिराळ्या खंडांतून आलेले असतात तेथे काय घडते, हे पाहावयाचे असेल तर हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाकडे वळले पाहिजे. आपल्या वाचकांना या बेटाचे नाव परके नाही. रत्नागिरी, सावंतवाडी आणि घाटावरील काही भागांतून गेलेल्या माणसांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवून घेतात, गणेशचतुर्थी थाटाने साजरी करतात, आणि कोकणातील जाखडीचा नाच ‘झाकरी’ या नावाने अजून नाचतात. अवलंबित बेटे धरून या देशाचे क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. एवढ्याशा भूमीवर तीन युरोपीय सत्तांचे पाऊल पडले, आणि शेवटच्या दोन सत्तांचे कायदे एकावर एक असे थर होऊन बसले.

मॉरिशसला मूळची प्रजा नव्हती. पोर्तुगीज दर्यावर्दी पेद्रु मास्करेन्यश याच्या नावावरून त्या बेटसमूहाला मास्करीन हे नाव पडले, पण पोर्तुगीजांनी तेथे वस्ती केली नाही. डच लोक १५९८ साली आले. त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्राचे नाव दिले, दोनदा वसाहतीचा प्रयत्न केला आणि १७१० साली ते निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले व त्याला ‘ईल द फ्रान्स’ असे नाव दिले. येथून पुढे त्या भूमीवर कायदा असा म्हणण्याजोगा दिसू लागतो. त्याचे पहिले ठळक पान मात्र लाजिरवाणे आहे. १७२३ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या राजाने या बेटांसाठी गुलामगिरीचे नियम काढले. गुलामाच्या अन्नवस्त्राची जबाबदारी मालकावर टाकलेली होती हे खरे. परंतु गुलामाला दिवाणी दाव्यात पक्षकार म्हणून उभे राहता येत नसे. ज्याच्यासाठी कायदा केला त्यालाच कायद्याच्या दारात मज्जाव, अशी ती रचना होती.

१७६७ च्या सुमारास बेटाचा कारभार फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीकडून राजाकडे गेला आणि लवकरच छापखाना आला. १७७३ साली पोर्ट लुई येथे जाहिराती व सूचना छापणारे वृत्तपत्र निघू लागले. १७७७ साली देलालू नावाच्या अधिकाऱ्याने या बेटांना लागू असलेल्या हुकुमांचा एक संग्रह छापून काढला. अनेक वर्षे सुटे पडलेले हुकूम एका पुस्तकात आल्यामुळे वाचता येणाऱ्या गोऱ्या नागरिकाला आपला कायदा हाती धरता येऊ लागला. बेटावरील बहुसंख्य लोक त्या वेळी आफ्रिका, मादागास्कर आणि काही अंशी हिंदुस्थानातून आणलेले गुलाम होते. त्यांच्या दृष्टीने ते पुस्तक छापले काय आणि न छापले काय, सारखेच होते. पुढे कप्तान-जनरल देकां याच्या कारकिर्दीत (१८०३–१८१०) नेपोलियनची दिवाणी संहिता या बेटावर लागू झाली. ती आजही तेथील खाजगी कायद्याचा पाया आहे.

१८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. त्या मोहिमेची पूर्वतयारी म्हणून आदल्या वर्षी रॉड्रिग्ज बेटावर जी तुकडी उतरली, तीत मुंबईच्या पलटणीचे शिपाईही होते. ३ डिसेंबर १८१० च्या शरणागतीच्या करारात एक कलम असे होते की, रहिवाशांचा धर्म, त्यांचे कायदे आणि त्यांच्या चालीरीती कायम राहतील. जिंकलेल्या लोकांना दिलेले हे वचन उदार होते आणि ते बऱ्याच अंशी पाळलेही गेले. परंतु वचन देताना ‘रहिवासी’ म्हणून जे डोळ्यांसमोर होते ते फ्रेंच मळेवाले. त्यांचा कायदा राहिला, त्यांची भाषा राहिली. वर इंग्रजी राज्यकारभार बसला. १८४७ पासून वरिष्ठ न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली. खालच्या कचेऱ्यांत फ्रेंच चालू राहिली. १८५० साली सुप्रीम कोर्टाची स्थापना झाली. अशा रीतीने बेटाचा दिवाणी कायदा फ्रेंचमध्ये, नवे ऑर्डिनन्स इंग्रजीत, वकिलांची आपसातील बोलणी फ्रेंचमध्ये आणि रस्त्यावरील व्यवहार क्रिओल बोलीत, अशी चौपदरी व्यवस्था तयार झाली.

गोमंतकातील वाचकांना ही स्थिती समजावून सांगावयास नको. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१ साली पोर्तुगीज सत्ता गेली, तरी वारसा, विवाह व मालमत्ता यांविषयीचे तिचे नियम राहिले. ज्या भाषेत ती लिहिली होती ती वाचणारे दरवर्षी कमी होत गेले. सरकारी राजपत्रात तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले ते २०१८ साली, म्हणजे मुक्तीनंतर ५७ वर्षांनी. मधल्या काळात कित्येक घरांच्या वाटण्या, कित्येक मुलींचे हिस्से हे सारे मूळ मजकूर स्वतः न वाचलेल्या माणसांच्या भरवशावर ठरले. मॉरिशसचा इतिहास आम्हांला जवळचा वाटतो त्याचे हे एक कारण आहे.

आता या चौपदरी व्यवस्थेत हिंदी मजूर येऊन पडला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. १ फेब्रुवारी १८३५ पासून गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते, आणि ते हिंदुस्थानातून करार लिहून आणावयाचे असे ठरले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या मार्गाने बेटावर उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून आली. मुंबई बंदरातून आलेल्यांचा वाटा लहान होता. त्या बंदराच्या नावावरूनच मराठी माणसाला तेथे ‘बम्बाई’ म्हणू लागले. १८४९ साली बांधलेला उतारघाट आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या सोळा पायऱ्या चढून माणूस वर गेला की त्याला क्रमांक मिळे, त्याचे नाव वहीत चढे. कारकुनाला मराठी, भोजपुरी किंवा तमिळ नावे नीट ऐकू येत नसत. जसे कानावर पडे तसे तो लिही. बापाचे पाळण्यातले नाव मुलांचे आडनाव होऊन बसले, गाव व कूळ पुसट झाले, आणि कायद्याच्या दृष्टीने वहीत लिहिले तेच त्या माणसाचे खरे नाव ठरले.

करारावर मजुराचा अंगठा असे. करार त्याला वाचता येत नसे. पाच वर्षे एका मळ्यावर काम करावयाचे, मजुरी ठरलेली, शिधा ठरलेला. कराराचा भंग मालकाने केला तर मजुराने फिर्याद करावयाची, आणि मजुराने केला तर त्याने दंड किंवा तुरुंग सोसावयाचा. मजुरांच्या हितासाठी ‘प्रोटेक्टर’, म्हणजे संरक्षक, असा अधिकारी १८४२ साली नेमण्यात आला. मळ्यांवरील तंटे ऐकण्यास पगारी मॅजिस्ट्रेटही होते. कागदावर ही व्यवस्था वाईट म्हणता येणार नाही. पण मळ्याबाहेर पडून मॅजिस्ट्रेटकडे जावयाचे तर दिवसाची रजा हवी. रजेवाचून गेले तर ती गैरहजेरी. आणि एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापण्याची मुभा मालकाला होती. याला ‘डबल कट’ म्हणत. गाऱ्हाणे सांगण्यासाठी गेलेल्याचा खिसा, गाऱ्हाणे ऐकले जाण्यापूर्वीच रिकामा होई. कचेरीत पोहोचल्यावर मॅजिस्ट्रेट इंग्रजी किंवा फ्रेंच बोलणारा, समोर मळेवाल्याचा वकील, आणि मधे दुभाषी. त्या दुभाष्याने काय सांगितले आणि काय गाळले, हे मजुराला कधीच कळत नसे.

१८६७ च्या एकतिसाव्या ऑर्डिनन्सने याहून पुढची पायरी गाठली. पाच वर्षांचा करार पुरा करून मोकळे झालेले ‘जुने आगंतुक’ आता पोट भरण्यास भाजीपाला विकीत, लहानसा तुकडा कसत किंवा सुतारकाम करीत. या मोकळ्या माणसांनी स्वतःचे छायाचित्र चिकटविलेले तिकीट आणि पोलिसांचा पास सदैव जवळ बाळगावा, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात राहावयास गेल्यास नोंद करावी, नाही तर भटकेपणाचा गुन्हा लागेल, असे त्या कायद्याने ठरविले. पास घरी विसरलेला मनुष्य रस्त्यावर पकडला जाई. पोलीस टोळ्यांनी मजुरांच्या वस्त्या धुंडाळीत फिरत. ज्या कायद्याने हे सारे चालले तो इंग्रजीत छापलेला होता, आणि ज्यांच्यावर तो चालला त्यांतील फारच थोड्यांना तो वाचता येत होता. कायद्याचा मजकूर त्यांना कळला तो पोलिसाच्या हाताने.

या अंधारात पहिला दिवा लावला तो एका युरोपियनाने, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. आदोल्फ द प्लेव्हित्झ हा नूव्हेल देकूव्हेर्त येथील मळ्याची व्यवस्था पाहणारा गृहस्थ. जुन्या आगंतुकांची गाऱ्हाणी ऐकून त्याने एक अर्ज तयार केला. जून १८७१ मध्ये गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्यापुढे तो ठेवण्यात आला तेव्हा त्याखाली ९,४०१ माणसांची नावे होती. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनीही आपली संमती त्या कागदावर उतरविली होती. मॉरिशसच्या हिंदी प्रजेने राज्यसत्तेशी एकत्रितपणे केलेले हे पहिले मोठे लेखी संभाषण होय. मळेवाले चवताळले. द प्लेव्हित्झला बेटाबाहेर घालवावे असा उलट अर्ज त्यांनी केला. पोर्ट लुईच्या रस्त्यात त्याच्यावर हल्लाही झाला. गव्हर्नरने त्याला हद्दपार करण्यास नकार दिला.

अर्जाचे फळ म्हणून १८७२ साली रॉयल कमिशन नेमले गेले. त्याचे दोन सभासद होते: विल्यम एडवर्ड फ्रियर आणि व्हिक्टर विल्यम्सन. यांपैकी फ्रियर हे मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीत वाढलेले, हिंदी माणसाची राहणी जाणणारे गृहस्थ होते. १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विस्तृत अहवालाने पास-पद्धतीचा जुलूम, पोलिसांची मनमानी आणि मॅजिस्ट्रेटांच्या कचेऱ्यांतील दोष उघडकीस आणले. १८७८ साली मजूरकायदा नव्याने करण्यात आला. सारी दुःखे त्याने संपली नाहीत. परंतु मजुराचे म्हणणे लिहून घेतले जाते, छापले जाते आणि त्यावरून कायदा बदलू शकतो, ही गोष्ट त्या अर्जाने प्रथम सिद्ध केली.

यानंतर कित्येक वर्षे अशीच गेली. १९०१ च्या ऑक्टोबर अखेरीस दक्षिण आफ्रिकेतून स्वदेशी परतताना गांधीजींचे जहाज मॉरिशसला लागले आणि सुमारे तीन आठवडे ते तेथे राहिले. मुलांना शिक्षण द्या आणि सार्वजनिक जीवनात भाग घ्या, असा त्यांचा तेथील हिंदी लोकांना उपदेश होता. या लोकांना स्वतःचा असा वकील नाही, ही उणीव पुढे त्यांनीच भरून काढली. त्यांच्या सांगण्यावरून १९०७ साली बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर मॉरिशसला गेले. मणिलाल हे मूळचे बडोद्याचे. बडोद्याच्या आमच्या वाचकांनी हे नाव अभिमानाने लक्षात ठेवावे. मळ्यांवरच्या गरिबांचे खटले ते न्यायालयांत चालवीत, आणि आपली भाषा जाणणारा मनुष्य झगा घालून आपल्या बाजूने उभा राहतो हे दृश्य तेथील मजुरांनी प्रथमच पाहिले. १९०९ साली त्यांनी ‘हिंदुस्थानी’ हे पत्र काढले. ते आरंभी इंग्रजी व गुजराती, आणि पुढे इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांत निघे. त्याच वर्षी बेटावर आलेल्या नव्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. १९११ साली ते मॉरिशस सोडून गेले आणि पुढील वर्षी फिजी बेटांत पोहोचले. तेथेही त्यांनी तेच काम केले, आणि १९२० च्या मजूर-संपानंतर सरकारने त्यांना तेथून घालवून दिले. दोन महासागरांतील दोन बेटांनी एका बडोदेकराच्या तोंडून कायद्याची भाषा ऐकली.

न्यायालयाबाहेर आणखी एक संस्था शांतपणे काम करीत होती. मॉरिशसच्या खेड्यांत ‘बैठका’ म्हणून जी जागा असते, ती आपल्या देवळाच्या सभामंडपाची धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही. दिवसभर ऊस तोडून आलेले लोक रात्री तेथे जमत, रामायण ऐकत, मुलांना अक्षरे शिकवीत आणि आपसांतले तंटे पंचांपुढे सोडवीत. सरकारी कचेरीत जाणे परवडत नसे, म्हणून हा मार्ग. पंचांच्या निवाड्याला कायद्याचे बळ नव्हते, तरी भाषा आपली, माणसे ओळखीची आणि खर्च शून्य. या बैठकांचे ऋण पुढे राजकारणालाही फेडावे लागले. १९४७ च्या घटनेने मताधिकार वाढविला, पण त्यासाठी मतदाराला मान्य भाषांपैकी एकीत साधी वाक्ये वाचता-लिहिता यावीत अशी अट होती. तेव्हा बासदेव बिसुनदयाळ आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी गावोगाव रात्रीचे वर्ग चालवून प्रौढांना अक्षरे गिरविण्यास शिकविले. मतदारांची संख्या पूर्वीच्या सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांच्या वर गेली, आणि १९४८ च्या निवडणुकीत हिंदी वंशाचे अनेक प्रतिनिधी प्रथमच कायदेमंडळात बसले. ज्यांच्या आज्यांनी कराराखाली अंगठे उमटविले होते, ते आता कायदा लिहिणाऱ्यांना निवडू लागले.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. तेथील राज्यघटनेची पाचवी आणि दहावी कलमे, वर सांगितलेला इतिहास मनात ठेवून वाचली म्हणजे त्यांचा अर्थ अधिक खोल जातो. पकडलेल्या माणसाला पकडण्याचे कारण त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितले पाहिजे. आरोपीला आरोपाचे स्वरूप त्याच्या समजणाऱ्या भाषेत, तपशिलाने कळविले पाहिजे. खटल्याची भाषा त्याला कळत नसेल तर दुभाष्याचे साह्य विनाशुल्क मिळाले पाहिजे. अशी कलमे ब्रिटिश साम्राज्यातून निघालेल्या इतर घटनांतही आढळतात, परंतु ९,४०१ जणांच्या अर्जाच्या भूमीवर त्यांना वेगळे वजन आहे. सुप्रीम कोर्टाची भाषा आजही इंग्रजी आहे. मात्र ज्याला ती पुरेशी येत नाही त्याला आपल्या सवयीच्या भाषेत साक्ष देता येते. निवाडे आता संगणकाच्या जाळ्यावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. २०२० साली भारताच्या साह्याने बांधलेल्या सुप्रीम कोर्टाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. अंतिम अपील मात्र अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. हे दूरचे न्यायासन २००८ साली प्रथम पोर्ट लुई येथे येऊन बसले, आणि लंडनला जाण्याचा खर्च ज्यांना झेपत नाही अशा लोकांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिले.

धर्माच्या बाबतीतही एक जुनी जखम भरली. भटजींनी अग्नीसमोर लावलेले लग्न सरकारी नोंदीवाचून कायद्याला दिसत नसे. त्यामुळे संसार करणारी स्त्री कायद्याने अविवाहित, आणि मुले वारशाला मुकलेली, असे प्रसंग पिढ्यान्पिढ्या येत राहिले. १९८१ च्या नागरी-नोंदणी कायद्याने, ठराविक अटी पाळून लावलेल्या धार्मिक विवाहाला कायद्याचे फल देण्याची सोय केली. २००८ साली तर ‘मराठी-भाषिक संघा’ची स्थापना तेथील संसदेने कायद्यानेच केली. ज्या भाषेतील नाव कारकुनाला धड लिहिता येत नव्हते, त्या भाषेचे नाव त्याच देशाच्या कायदेसंग्रहात आले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जुन्या वह्या आणि छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत. माणसाला बांधण्यासाठी केलेल्या नोंदींत आज नातवंडे आपल्या आज्याचे गाव शोधतात.

येथवर वाचून कोणाचा असा समज होईल की मॉरिशसच्या कथेचा शेवट गोड झाला. तसे म्हणता येत नाही. कारण त्याच कथेची एक शाखा चागोस बेटांकडे जाते. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, स्वातंत्र्यापूर्वी, इंग्रजांनी ही बेटे मॉरिशसपासून तोडली. लष्करी तळासाठी तेथील सुमारे दीड ते दोन हजार रहिवाशांना १९६७ ते १९७३ या काळात हलविण्यात आले. १९७१ साली एका ऑर्डिनन्सने परवान्यावाचून तेथे राहणे बेकायदेशीर ठरविले. तो कायदा ज्या राजपत्रात छापला त्याचा प्रसार अगदी थोडा होता, आणि त्यामुळे फारसा गवगवा होणार नाही, असा हिशेब अधिकाऱ्यांच्या टिपणांत आढळून आला. ज्यांचे घर त्या कायद्याने गेले, त्यांच्यापर्यंत त्याचा कागद पोहोचू नये अशीच ती प्रसिद्धी होती. ऑलिव्हिए बाँकू यांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली, आणि २००० च्या नोव्हेंबरात तो ऑर्डिनन्स रद्द ठरला. २००४ साली सरकारने राजाज्ञेने बंदी पुन्हा घातली. २००८ साली लॉर्डांच्या सभागृहाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती उचलून धरली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने असे मत दिले की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीर रीतीने पुरी झाली नव्हती. कायदा छापला गेला, एवढ्याने तो प्रसिद्ध झाला असे होत नाही, हे चागोसने जगाला शिकविले.

प्रशांत महासागरातही हा प्रश्न तसाच आहे. तेथील पुष्कळ लहान देशांत कायद्याचे अद्ययावत पुस्तक राजधानीतील एखाद्या कपाटात असावयाचे. दूरच्या बेटावरील मॅजिस्ट्रेटाजवळही ते नसे. व्हानुआतूच्या पोर्ट व्हिला येथील दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या कायदाशाळेने विसाव्या शतकाच्या अखेरीस या देशांचे कायदे व निवाडे एकत्र करून संगणकाच्या जाळ्यावर विनामूल्य ठेवण्यास आरंभ केला. हे काम फार मोलाचे आहे. परंतु नाउरूचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. १९७६ च्या करारान्वये नाउरूच्या नागरिकाला ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाकडे अपील करता येत असे. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने गाजावाजा न करता करार संपविण्याची नोटीस दिली, आणि १२ मार्च २०१८ रोजी तो मार्ग बंद झाला. खटल्यांत गुंतलेल्या लोकांना हे कळले ते काही आठवड्यांनंतर. न्यायालयाचे दार बंद झाले आहे ही बातमीही गुप्त राहू शकते.

या साऱ्या इतिहासातून आपण काय घ्यावे? बेटे दूर आहेत, पण प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचा आहे. गोव्यातील महाजनांना १९३३ ची देवालयांची नियमावली ठाऊक आहे. तिच्या कलमांवरून निवडणुका, मान आणि हिशेब यांचे वाद दरवर्षी होतात. परंतु मूळ नियम काय म्हणतो हे स्वतः वाचलेले महाजन किती निघतील? इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या संस्थांच्या घटना आणि विश्वस्तपत्रेही बहुधा कपाटात असतात, आणि ज्याच्या हाती किल्ली त्याचा अर्थ प्रमाण ठरतो. बाहेरच्या राज्यकर्त्याने कायदा परक्या भाषेत ठेवला तर आपण त्याला जुलूम म्हणतो. आपल्याच देवळाचा कायदा आपण आपल्या माणसांना वाचून दाखविला नाही, तर त्याला दुसरे नाव देता येणार नाही.

आमची सूचना साधी आहे. वर्षप्रतिपदेला पंचांगश्रवण झाल्यावर, किंवा वार्षिक सभेच्या आरंभी, प्रत्येक देवस्थानाने आपल्या नियमावलीतील मुख्य कलमे मराठीत व कोकणीत मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि त्यांची प्रत देवळाच्या ओसरीवर कोणालाही पाहता येईल अशी टांगून ठेवावी. याला खर्च थोडा आहे आणि अधिकार कोणाकडून मागावा लागत नाही. येत्या पाडव्यापासून ज्या देवस्थानांना हे करता येईल त्यांनी करावे, आणि तसा वृत्तांत आमच्याकडे धाडावा. आम्ही तो आनंदाने छापू.